बोली कुठे थांबवायची?

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. जेवणं आटोपून मी ओटा पुसत होते, तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती अमेरिकेत ओहायो राज्यात, कोलंबस शहरात नोकरी करते. तिकडे तेव्हा दुपार असते.

"आई, बाबा जवळपास नाहीत ना?"

हे हॉलमध्ये बातम्या बघत बसले होते. मी फोन घेऊन मागच्या पडवीत गेले. म्हटलं, काय बाई भानगड आहे?

"तुला एक फोटो पाठवलाय. बघ, ओळखतेस का?"

फोटो उघडला आणि दोन मिनिटं माझ्या तोंडून शब्दच फुटेना. तीच तपकिरी, कडेला काळसर होत गेलेली बॉडी, त्याच चार जाड तारा. यांची बेस गिटार! अगदी तीच नव्हे, पण तिची सख्खी बहीण म्हणावी अशी.

"एकसष्टीला बाबांना द्यायची आहे. किंमत मात्र चौदाशे पन्नास डॉलर सांगतोय."

मी मनातल्या मनात रुपये केले. लाखाच्या वर! आणि तेही जुन्या, वापरलेल्या गिटारचे.

मैत्रिणींनो, तुम्हाला आधी मागची गोष्ट सांगायला हवी. आमचं लग्न झालं तेव्हा हे दिवसा ऑफिसात कारकून होते आणि रात्री ऑर्केस्ट्रात वाजवायचे. गणपतीचे दहा दिवस तर घरी फक्त अंघोळीला यायचे. सांगली, मिरज, कोल्हापूर, इचलकरंजी, जिथे मांडव पडेल तिथे हे हजर. गायकाला टाळ्या पडत, ढोलकीवाल्याला शिट्ट्या पडत. बेस गिटारवाला मागे अंधारात उभा. मी एकदा विचारलं, "तुमचं वाजवणं ऐकूच येत नाही, मग करता काय तिथे?" तर म्हणाले, "आमटीत मीठ दिसतं का? नसलं की मात्र कळतं."

खरंच आहे ते. साध्या गिटारला सहा तारा असतात, बेसला बहुतेक चार. साध्या गिटारच्या जाड चार तारांचेच ते सूर, पण एक सप्तक खाली. गाण्याचा पाया. राहुलदेव बर्मन यांच्या कितीतरी गाण्यांत टोनी वाझ यांची बेस गिटार अशीच तळाशी बसून सगळं तोलून धरते. आपण गुणगुणतो वरची चाल, पाय मात्र ठेका धरतो तो खालच्या आवाजावर.

यांनी ती गिटार १९८६ साली मुंबईच्या एका वादकाकडून हप्त्याहप्त्यानं घेतली होती. जपानी बनावटीची. आणि १९९५ साली विकली. लेक सातव्या महिन्यात झाली, तीन आठवडे काचेच्या पेटीत होती. दवाखान्याचं बिल भागवायला माझ्या दोन बांगड्या गेल्या आणि यांची गिटार ॲम्प्लिफायरसकट गेली. दोन्हींचे मिळून... जाऊ दे. बांगड्या मी पुढे पुन्हा केल्या. गिटार काही पुन्हा आली नाही. यांनी तिचं नावही कधी काढलं नाही. पण लेकीला आत्यानं कधीतरी सांगितलं, "तुझ्या पायी दादानं गिटार विकली हो." पोरीनं ते मनात धरून ठेवलं.

म्हणजे ती जी बोली लावायला निघाली होती, ती नुसत्या लाकडावर आणि तारांवर नव्हती.

मला गिटारमधलं काही कळत नाही. पण जुन्या मालाच्या भावाबद्दल थोडंफार कळतं. माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी होते. हळदीचे सौदे मी परकर-पोलक्यातली असताना पाहिलेत. ते म्हणायचे, "माल बघून बोली लावावी, शेजारी उभ्या माणसाकडे बघून नाही." तेव्हा लेकीला म्हटलं, "घाई करू नकोस. आधी मला समजावून सांग, ही एवढी महाग का?"

मग पुढचे पंधरा दिवस आमची शाळा भरली. ती तिकडून सांगायची, मी इकडे भाजी निवडत ऐकायची.

पूर्वी बेस म्हणजे माणसाएवढं उंच, उभं राहून वाजवायचं वाद्य होतं. व्हायोलिनचा थोरला भाऊच म्हणा ना. वाहून न्यायला अवघड, आणि दांडीवर पडदे नसल्यानं सूर बोटाच्या अंदाजानं शोधायचा. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसानं १९५१ साली गळ्यात अडकवता येईल अशी, पडदे असलेली विजेवरची बेस गिटार बाजारात आणली. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून तिचं नाव ठेवलं 'प्रिसिजन'. गंमत म्हणजे या गृहस्थांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती!

१९६५ मध्ये त्यांनी आपली कंपनी सीबीएस या बड्या कंपनीला एक कोटी तीस लाख डॉलरना विकली. त्यानंतर मालाचा दर्जा उतरला, असं वादकांमध्ये बोललं जाऊ लागलं. झालं! १९६५ च्या आधीच्या गिटारींना सोन्याचा भाव आला. त्या आवाक्याबाहेर गेल्या, तेव्हा ज्यांना कालपर्यंत नावं ठेवली जात होती त्या सत्तरच्या दशकातल्या गिटारीही 'व्हिंटेज' म्हणून महाग झाल्या. आणि त्याही परवडेनात, तेव्हा त्यांच्या जपानी नकला 'दुर्मिळ' ठरल्या. यांची गिटार होती या तिसऱ्या पायरीवरची.

लेकीनं पाठवलेल्या जाहिरातीत एक शब्द मोठ्या अक्षरांत होता, 'लॉसूट' काळातली. म्हणजे म्हणे इतकी हुबेहूब नक्कल, की अमेरिकन कंपनीनं कोर्टात दावा ठोकला! ऐकायला किती भारी वाटतं. पण लेकीनं खोदून पाहिलं तर निघालं भलतंच. दावा खरा, १९७७ सालचा. पण तो केला होता गिब्सन कंपनीच्या मालकांनी, आयबनीझ या जपानी नावानं गिटारी विकणाऱ्या अमेरिकेतल्या वितरकावर. वाद गिटारच्या डोक्याच्या आकाराचा होता. पुढच्या वर्षी तो आपसांत मिटलासुद्धा. फेंडरसारख्या दिसणाऱ्या बेसचा त्यात काही संबंधच नव्हता. तरी तो एक शब्द चिकटवला की किंमत वर चढते. आपल्याकडे नाही का, कुठलीही जरा जुनी साडी 'आजेसासूबाईंची पैठणी' होऊन जाते!

आणखी एक गंमत ऐका. १९९५ पासून फेंडर कंपनी स्वतःच नव्या गिटारी मुद्दाम झिजवून, पोपडे काढून, डाग पाडून विकते. त्या नव्या कोऱ्या गुळगुळीत गिटारीपेक्षा महाग. मला हसूच आलं. आमच्या लहानपणी बोहारीण यायची. आईनं जरीची जुनी लुगडी, आजीचं पितळी घंगाळ देऊन स्टीलचा डबा घेतला होता आणि वर आठ दिवस त्या डब्याचं कौतुक सुरू होतं. आता तसंच घंगाळ पुण्यातल्या दुकानात शोभेची वस्तू म्हणून पाहिलं. किंमत बघून हात मागे घेतला. वस्तू तीच असते. आपण ती कधी टाकून देतो आणि कधी तिच्यामागे धावतो, त्यावर भाव ठरतो.

या ऑनलाइन लिलावांची सुरुवातही अशीच मजेदार आहे. पिएर ओमिद्यार नावाच्या तरुणानं १९९५ साली लिलावाची साइट सुरू केली. तीच पुढे ईबे झाली. तिथे सुरुवातीला विकली गेलेली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. त्यांनी घेणाऱ्याला विचारलं, "अहो, हा बिघडलेला आहे, माहीत आहे ना?" तो म्हणाला, मी बिघडलेलेच जमवतो! आपल्याकडे बाझी डॉट कॉम नावाची साइट होती, ती ईबेनं २००४ मध्ये विकत घेतली. ईबेचं ते भारतातलं दुकान २०१८ मध्ये बंद झालं. अमेरिकेत मात्र घरातली अडगळ अशी विकण्याची चाल अजून जोरात आहे.

लिलावाची रीत आपल्याला अनोळखी नाही. तुमच्यापैकी किती तरी जणींनी लिलावाची भिशी लावली असेल. वीस जणी, हजार-हजार रुपये. ज्या बाईला नड आहे ती म्हणते, मला अठरा हजार द्या, वरचे दोन वाटून घ्या. दुसरी म्हणते, मला साडेसतरा चालतील. मी एकदा अशीच चढाओढीत उतरले होते. समोरची बाई मला मेली सारखी खिजवत होती. तिची जिरवायची म्हणून मी चार हजार सोडून सोळा हजारांत भिशी उचलली. घरी आल्यावर कळलं, जिरली ती माझीच. पैशांची तेवढी नडही नव्हती.

ऑनलाइन लिलावात समोरची बाई दिसत नाही, तरी खिजवतेच. आधी आपण आपली सगळ्यात वरची रक्कम सांगून ठेवायची. समजा सहाशे डॉलर. ती कुणाला दिसत नाही. दुसऱ्यानं चारशे लावले, तर आपल्या वतीनं यंत्रच चारशेच्या थोडी वर बोली लावतं. म्हणजे जिंकलात तरी पूर्ण सहाशे द्यावे लागतीलच असं नाही, दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या जरासे वर द्यायचे. विल्यम व्हिक्री या अर्थतज्ज्ञांनी अशा दुसऱ्या क्रमांकाच्या किमतीवर ठरणाऱ्या लिलावाचा अभ्यास फार पूर्वीच मांडून ठेवला होता. १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यातून आपल्यासाठी निघणारा धडा साधा आहे. आपल्याला वस्तू जितक्याची वाटते तितकी रक्कम एकदाच, मनापासून सांगा आणि घरचं काम करायला निघून जा.

पण निघून जाईल तो माणूस कसला! शेवटची पाच मिनिटं उरली की छाती धडधडते. कुणीतरी शेवटच्या दहा सेकंदांत बोली टाकतं. मग आपण म्हणतो, एवढं केलंच आहे तर आणखी वीस.

लेकीचं अगदी असंच झालं. ती चौदाशे पन्नासवाली सोडून दिली, कारण मी तिला एक गोष्ट विचारायला लावली होती. विकणारा किती मागतो ते नको, अशी गिटार खरंच कितीला विकली गेली ते बघ. साइटवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या काढून बघता येतात. त्या प्रकारच्या गिटारी पाचशे ते सहाशेच्या घरात गेल्या होत्या. चौदाशेची पाटी आपली नुसतीच महिनोन् महिने लटकत होती. पण अशा दहा पाट्या बघितल्या की घेणाऱ्याला वाटतं, भावच हा असणार. विकणाऱ्यालाही वाटतं, मी का कमी मागू?

मग एक दुसरी गिटार आली, लिलावाची. तसाच रंग, मागच्या बाजूला पट्ट्याच्या बकलाचा लांब ओरखडा. आमचं ठरलं, सहाशे. त्याच्या वर एक डॉलर नाही. लिलाव संपायचा होता आपल्याकडच्या पहाटे साडेपाचला. मी उठून चहा केला आणि फोनजवळ बसले. सहाला फोन आला तो रडतच.

"आई, नऊशे पंचावन्नपर्यंत गेले गं मी. आणि तरी गेली. नऊशे ऐंशीला."

"सहाशे ठरले होते ना आपले?"

"समोरचा सोडतच नव्हता. मला वाटलं, बाबांनी माझ्यासाठी विकली, आणि मी काय साडेतीनशे डॉलरसाठी मागे हटू?"

काय बोलणार? मी तिला म्हटलं, "बरं झालं हरलीस." तिनं रागानं फोन ठेवला.

चार दिवसांनी पुन्हा फोन. विकणाऱ्याचा निरोप आला होता. जिंकणाऱ्या माणसानं माघार घेतली आहे, तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर होतात, तुमच्याच बोलीला घ्यायची का? नऊशे पंचावन्नला.

लेक हरखली होती. मला मात्र यार्डातला वास आला. वडील सांगायचे, कधी कधी विकणाऱ्याचाच माणूस गर्दीत उभा राहून बोली चढवतो. ऑनलाइन लिलावात याला बंदी आहे, पण दुसऱ्या नावानं बोली लावणाऱ्याचा चेहरा कोण बघणार? या विक्रेत्यानं तसं केलंच असेल असं मी म्हणत नाही. घेणारा खरंच मागे फिरला असेल. पण लेकीला मी एवढंच विचारलं, "तो माणूस मुळात नसताच, तर तुझी बोली कितीवर थांबली असती?"

तिनं बोलींची यादी उघडून पाहिली. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पाचशे वीस."

म्हणजे पाचशे वीसच्या वरचे सगळे पैसे ती एका अशा माणसाशी भांडण्यात घालवणार होती, जो घ्यायला आलाच नाही. तिनं विक्रेत्याला पाचशे वीस देऊ केले. उत्तर आलं नाही. पुढच्या आठवड्यात तीच गिटार, तोच ओरखडा, पुन्हा लिलावाला लागली.

अर्थशास्त्रात 'विजेत्याचा शाप' म्हणून एक कल्पना आहे. १९७१ मध्ये तेल कंपनीतल्या तीन अभियंत्यांनी ती मांडली. समुद्रातल्या तेलाच्या जागांचे लिलाव व्हायचे. खाली किती तेल आहे, कुणालाच नक्की ठाऊक नसायचं. मग ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला, तोच लिलाव जिंकायचा आणि नंतर कपाळाला हात लावायचा. म्हणजे अशा लिलावात जिंकलो, यातच कुठेतरी 'आपण सगळ्यात जास्त चुकलो' हेही असू शकतं. वापरलेल्या गिटारचंही तेच. दांडी वाकलीय का, पडदे झिजलेत का, आतली वायरिंग मूळची आहे का, रंग पुन्हा मारलाय का, फोटोत काहीच कळत नाही. वर पाठवणावळ वेगळी.

पण मला लेकीला जे सांगायचं होतं ते वेगळंच होतं. त्या रात्री मी तिला म्हटलं, "हे बघ, तुझ्या बाबांनी गिटार विकली तेव्हा मी तिथे होते. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण घासाघीस त्यांनी जोरात केली हो! घेणारा पाचशे कमी करत होता, तर म्हणाले, माझी पोरगी पेटीत आहे, एक रुपया सोडणार नाही. तो व्यवहार तेव्हाच पुरा झाला. गिटार देऊन तू घरी आलीस. त्याची फेड डॉलरमध्ये कुणी मागितलीय?"

पलीकडून काही आवाज आला नाही. मग नाक ओढल्याचा आला.

पुढे काय झालं? बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९६१ मध्ये जर्मनीतल्या हँबर्ग शहरात त्याला फेंडर परवडत नव्हती, म्हणून त्यानं व्हायोलिनच्या आकाराची होफनर बेस सुमारे तीस पौंडांना घेतली. तिच्यावर जगाला वेड लावलं. १९७२ मध्ये ती चोरीला गेली. शोधाशोध होऊन इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर सापडली आणि २०२४ मध्ये ती परत मिळाल्याची बातमी आली. आज तिची किंमत कोण करणार? पण घेतली तेव्हा ती स्वस्तातली होती म्हणूनच घेतली होती. हे लेकीनंच मला सांगितलं, आणि सांगता सांगता तिचीच समजूत पटली.

तिनं आपल्याच शहरातल्या एका चर्चमध्ये वाजवणाऱ्या आजोबांकडून एक साधी, वापरलेली बेस घेतली. जपानी नाही, दुर्मिळ नाही, रंगही काळा. दोनशे ऐंशी डॉलर. ओळखीच्या एका मुलाला बरोबर नेऊन, प्रत्येक पडद्यावर वाजवून बघून घेतली. आजोबांनी पट्टा फुकट दिला.

डिसेंबरात ती आली. एकसष्टीचं औक्षण झालं, पाहुणे पांगले, मग तिनं केस पुढे ठेवली. यांनी उघडली. काही बोलले नाहीत. खुंट्या पिळून एकेक तार सुरात लावली, कानानंच. तीस वर्षांनी! मग चष्मा काढून पुसला आणि पहिला प्रश्न विचारला तो अस्सल सांगलीकराचा.

"केवढ्याला पडली?"

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सांग की खरं."

तिनं सांगितलं. यांनी गिटार उलटीपालटी केली, दांडीवरून डोळा मारून सरळ आहे का बघितली. म्हणाले, "बरोबर भावानं घेतलीस. माझ्यापेक्षा हुशार निघालीस. मी तेव्हा हप्त्यापायी दोनशे जास्त मोजले होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्ट्या. सवय गेलेल्या बोटांना फोड आले होते. "आता बंद करा काही दिवस," मी म्हटलं. तर म्हणाले, "बोटं घट्ट व्हायला महिना लागतो. तू आमटी कर."

मैत्रिणींनो, तुमच्याही मुलाबाळांचा एखाद्या जुन्या वस्तूवर जीव जडेल. गिटार असेल, कॅमेरा असेल, मिरजेचा जुना तंबोरा असेल. त्यांना नाही म्हणू नका. फक्त आधी दोन कागद घ्यायला सांगा. एकावर लिहायचं, वस्तू कितीची आहे, खरंच विकली गेलेली किंमत पाहून. दुसऱ्यावर लिहायचं, आपल्याला ती का हवी आहे. बोली लावायची ती पहिल्या कागदावरची. दुसरा कागद घडी करून आपल्याजवळ ठेवायचा, विकणाऱ्याला दाखवायचा नाही.

हा लेख लिहितेय आणि हॉलमधून धूम... धूम... असा आवाज येतोय. भिंतीवरची भांडी जरा हलतात. शेजारच्या वहिनी काल विचारत होत्या, "तुमच्याकडे पंप बिघडलाय का हो?"